डव्हटेल सैल बसतोय? आधी बिटची खोली बघा

राउटर (फिरत्या बिटने लाकूड कापणारं यंत्र) आणि जिग (फळ्या धरून काप नेमका नेणारा साचा) घेऊन ड्रॉवरचे डव्हटेल, म्हणजे पसरट शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे सांधे, कापायला घेतले आणि सांधा काही मनासारखा बसेना, अशी बरीच पत्रं आलीत, म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच दिली आहे. पत्रांमधली जिग बहुतेक एकाच जातीची आहे, ड्रॉवरची बाजू समोर उभी, दर्शनी फळी वर आडवी, दोन्ही एकदम क्लॅम्प केलेल्या आणि त्यांच्यावर बोटांचं टेम्प्लेट. यातून हाफ ब्लाइंड डव्हटेल निघतो, म्हणजे शेपट्या बाजूच्या फळीला, खाचा दर्शनी फळीच्या आतल्या अंगाला, आणि समोरून सांधा अजिबात दिसत नाही. आकडे सांगताना मी अर्ध्या इंचाचं १४ अंशाचं बिट, ७/१६ इंच म्हणजे साधारण ११.१ मिमी बाहेरच्या व्यासाचा गाईड बुश (बिटभोवतीची नळी, जी टेम्प्लेटच्या कडेला घासत चालते) आणि ७/८ इंच म्हणजे २२.२ मिमीवर एकेक बोट असं धरलंय. तुमची जिग वेगळी असेल तर आकडे बदलतील, कारणं तीच राहतील.

प्रश्न: बाजू १२ मिमी आणि दर्शनी फळी १८ मिमी आहे. सांधा हाताने सहज आत जातो पण उलटा धरला की गळून पडतो. टेम्प्लेट पुढे-मागे करून पाहिलं, स्टॉप (फळीची कड जिथे टेकते ते अडसर) सरकवले, बुश घट्ट केला, दोन दिवस गेले आणि आता तर आधीपेक्षा वाईट झालंय. नक्की काय फिरवायचं?

उत्तर: फक्त बिटची खोली. बिट राउटरच्या तळापासून अजून थोडं बाहेर काढा, सांधा घट्ट होईल. आत घ्या, सैल होईल. टेम्प्लेट आणि स्टॉपचा घट्ट-सैलशी काहीच संबंध नाही, त्यांची कामं वेगळी आहेत, ती पुढच्या उत्तरांत येतीलच.

आता हे असं का, ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे परत कधी कुणाला विचारायची वेळ येणार नाही. डव्हटेलचं बिट खाली रुंद आणि वर निमुळतं असतं. ते जितकं खोल जाईल तितका त्याचा निमुळता भाग फळीच्या पृष्ठभागाशी येतो. उभ्या फळीत दोन कापांच्या मध्ये जे लाकूड उरतं तीच शेपटी, म्हणजे टोकाशी काप अरुंद झाला की शेपटीचं टोक रुंद झालं. खाचेच्या तळाची रुंदी मात्र बिटच्या रुंद टोकावर ठरते, ती खोली बदलली तरी तेवढीच राहते. म्हणजे खोल कापलं की शेपटी जाडजूड होते आणि खाच आहे तेवढीच राहते, मग सांधा आवळणारच. १४ अंशाच्या बिटला हिशोब असा बसतो की खोली १ मिमी वाढवली तर शेपटीचं टोक अर्धा मिमी रुंद होतं. अर्धा मिमी म्हणजे गळून पडणारा सांधा थेट हातोडीने ठोकावा लागेल इतका फरक! म्हणून फिरवताना पाव मिमीच्या वर एका वेळी जाऊ नका, तेवढ्याने शेपटीत जवळपास १/८ मिमी फरक पडतो आणि बोटांना तो लगेच कळतो.

तुमचं काम बिघडलं कुठे तर तीन गोष्टी एकदम फिरवल्यात तिथे. दोन दिवस गेल्यावर माणूस वैतागून हाताला येईल तो स्क्रू फिरवतो, हे मला चांगलं कळतं, पण आता टेम्प्लेट आणि स्टॉप जिगच्या पुस्तिकेत दिलेल्या मूळ जागी न्या, बिट टेम्प्लेटच्या खाली ९.५ मिमी राहील असं लावा आणि त्याच जाडीच्या, त्याच लाकडाच्या तुकड्यांवर कापायला सुरुवात करा. दरवेळी तुकड्यावर पेन्सिलने खोली लिहून ठेवा, ९.५, ९.७५, १०. चार तुकड्यांत जागा सापडते. मला चालणारा सांधा म्हणजे हाताच्या दाबाने अर्ध्याच्या पुढे जाणारा आणि शेवटचे दोन-तीन मिमी लाकडी मोगरीच्या हलक्या ठोक्याने बसणारा. ती खोली सापडली की त्या बिटच्या उंचीचा एक लाकडी ठोकळा करून ठेवा, पुढच्या वेळी राउटर उलटा करून ठोकळा बिटशेजारी ठेवला की काम झालं.

प्रश्न: कोरडा सांधा मस्त बसला. दुसऱ्या दिवशी ग्लू लावून जोडायला गेलो तर अर्ध्यात अडकला, ठोकला तर बाजूच्या फळीला चीर गेली. रात्रीत असं काय झालं?

उत्तर: दोन गोष्टी झाल्या असाव्यात. कापलेलं लाकूड रात्रभर उघडं राहिलं, दमट हवेत ते थोडं फुगतं. आणि पांढऱ्या ग्लूमध्ये पाणी असतं, ते लागलं की शेपटी तिथल्या तिथे फुगायला लागते. कोरडा असताना हलके ठोके देऊन बसणारा सांधा ग्लू लावल्यावर आणखी आवळतो, आणि कोरडाच ठोकून ठोकून बसवावा लागत असेल तर ग्लू लावून तो बसणारच नाही. म्हणून खोली एक केसभर कमी ठेवा, ज्या दिवशी कापाल त्याच दिवशी जोडा, आणि ग्लू ब्रशने खाचेच्या दोन्ही उताराच्या भिंतींना पातळ लावा, शेपटीच्या टोकाला फासू नका कारण ते आडव्या कापाचं लाकूड आहे, पाणी शोषून घेतं आणि धरून ठेवायला तसंही फारसं उपयोगी नाही. ग्लू लागल्यावर थांबायचं नाही, क्लॅम्प आधीच उघडून हाताशी ठेवायचे.

चीर गेलेली फळी टाकून देऊ नका. चीर बारीक असेल तर तिच्यात ग्लू भरून, क्लॅम्प करून पूर्ण वाळू द्या आणि मग ती शेपटी पटाशीने दोन्हीकडून थोडी थोडी तासून घ्या.

प्रश्न: घट्ट-सैल जमलं, पण बाजूची फळी दर्शनी फळीच्या टोकापेक्षा जवळपास १ मिमी आत जाते. दुसऱ्या ड्रॉवरला उलट झालं, बाहेर राहिली.

उत्तर: इथे टेम्प्लेट पुढे-मागे करायचं. बाजू आत जाते म्हणजे खाचा गरजेपेक्षा लांब कापल्या गेल्यात, तर टेम्प्लेट स्वतःकडे ओढा. बाजू बाहेर राहते म्हणजे खाचा आखूड पडल्या, टेम्प्लेट पलीकडे ढकला. जेवढी पायरी दिसते तेवढंच सरकवायचं, १ मिमीला १ मिमी, आणि डावीकडचा नट जेवढा फिरवला तेवढाच उजवीकडचा. एकच बाजू फिरवली तर टेम्प्लेट तिरकं होतं, मग फळीच्या एका कडेला सांधा सपाट आणि दुसऱ्या कडेला पायरी, आणि माणूस उगाच गुण्या घेऊन ड्रॉवर तपासत बसतो.

पण तुमच्या एका ड्रॉवरला आत आणि दुसऱ्याला बाहेर होतंय, हे वाचून मला टेम्प्लेटपेक्षा फळ्यांचा संशय येतो. दोन्ही ड्रॉवरच्या बाजू एकाच जाडीच्या आहेत का ते मोजा. खाचेची लांबी ही बाजूच्या फळीच्या जाडीएवढी लागते, एक फळी ११.५ आणि दुसरी १२.५ असेल तर एकाच सेटिंगवर दोन्ही कशा बसतील. सगळ्या बाजू एकदम रंधून एका जाडीला आणा आणि मगच जिगला हात लावा.

प्रश्न: सांधा आतून पाहिला तर खांद्याच्या रेषेत, म्हणजे शेपट्यांच्या मुळाशी, कागद जाईल एवढी फट राहते, क्लॅम्प कितीही आवळला तरी मिटत नाही. मधे जास्त, कडांना कमी.

उत्तर: मधे जास्त, कडांना कमी हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, त्यातच उत्तर आहे. तुमची दर्शनी फळी वाटीसारखी वाकलेली आहे आणि मधला भाग टेम्प्लेटला टेकत नाहीये. राउटर टेम्प्लेटवरून चालतो, त्यामुळे फळी जिथे खाली राहिली तिथे खाच तेवढी उथळ पडते. शेपटी मात्र पूर्ण लांबीची आहे, ती खाचेच्या तळाला आधी टेकते आणि खांदा हवेतच राहतो. आता क्लॅम्प आवळून काय होणार.

फळी सरळ करून घ्या, नाहीतर वाकलेली बाजू वर-खाली अशी ठेवा की क्लॅम्पच्या दाबाने ती सपाट होईल. आणि फट सगळीकडे सारखी असेल तर आणखी दोन ठिकाणी बघा. एक म्हणजे फळी आणि टेम्प्लेटच्या मधे अडकलेला भुसा. दुसरं, गाईड बुशची नळी टेम्प्लेटच्या जाडीपेक्षा लांब आहे का. लांब असेल तर ती खाली लाकडावर घासते, राउटर उचलला जातो आणि काप उथळ होतो. नळी कापून किंवा घासून टेम्प्लेटच्या जाडीपेक्षा थोडी आखूड करून घ्या.

फळ्या लावायची माझी पद्धत सांगतो, वेळ लागतो पण चुका थांबतात. आधी उभी फळी मुद्दाम वर काढून हलकी क्लॅम्प करायची. मग आडवी फळी पुढे सरकवून उभीच्या मागच्या अंगाला घट्ट भिडवायची आणि पक्की करायची. आता उभी सैल करून खाली घ्यायची, तिचं टोक आडवीच्या पृष्ठभागाशी एका पातळीत आलं की पक्की. दोन्हींच्या सांध्यावरून नख फिरवायचं, नख अडकलं तर परत करायचं.

प्रश्न: सांधा छान बसतो पण ड्रॉवरच्या वरच्या कडेला दोन फळ्यांमध्ये पायरी राहते. जिगच्या डाव्या बाजूला कापलेल्यांना नाही, फक्त उजव्या बाजूच्या सांध्यांना.

उत्तर: उजवीकडचे स्टॉप. उभी आणि आडवी फळी एकमेकींपासून बरोबर अर्ध्या घराने (घर म्हणजे एका बोटापासून पुढच्या बोटापर्यंतचं अंतर) सरकलेल्या असायला हव्यात, २२.२ च्या जिगला ११.१ मिमी. जेवढी पायरी तेवढा एकच स्टॉप हलवा, दोन्ही नाही. त्याआधी स्टॉपच्या कोपऱ्यात साचलेला भुसा मात्र ब्रशने काढा, माझ्याकडे तर निम्म्या वेळा पायरीचं कारण तेवढंच निघालंय.

प्रश्न: सहा ड्रॉवर एका बैठकीत कापले. पहिले दोन अगदी हवे तसे, मग हळूहळू घट्ट होत गेले आणि शेवटचा तर आत जाईना. लाकूड एकाच फळीतलं, जाडी सारखी, सेटिंगला हात लावला नाही. राउटरचं काहीतरी बिघडलंय का?

उत्तर: तुमचं बिट कोलेटमधून, म्हणजे राउटरच्या बिट पकडणाऱ्या चिमट्यातून, हळूहळू खाली सरकतंय. हा सगळ्यात फसवा दोष आहे आणि धोक्याचासुद्धा, म्हणून याच्यावर जरा थांबतो.

पहिल्या उत्तरातला हिशोब आठवा, बिट बाहेर आलं की सांधा घट्ट. डव्हटेलचं बिट तिरक्या धारेचं असतं, कापताना ते स्वतःला लाकडात खाली ओढत राहतं, आणि कोलेटची पकड जरा कमी असली की प्रत्येक कापाला केसभर सरकतं. सांधे सैल होत गेले असते तर मी खोली लॉक करायचा स्क्रू तपासा म्हणालो असतो, घट्ट होत गेलेत म्हणजे कोलेट.

तपासायची रीत सोपी आहे. राउटरचा प्लग काढा. बिटच्या दांड्यावर, कोलेटच्या नटाला लागून, बारीक मार्करने एक रेघ मारा. दोन फळ्या कापा, प्लग काढा आणि रेघ बघा. नट आणि रेघ यांच्या मधे चमकणारं लोखंड दिसलं तर बिट सरकलं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा आठ खाचांमध्ये जवळपास अर्धा मिमी चमकणारी पट्टी दिसली होती आणि तोवर मी आठवडाभर लाकडाला दोष देत होतो.

कारणं अशी. कोलेटच्या चिरांत राळ आणि धूळ बसलेली असते, तो काढून आतून पितळी ब्रशने साफ करा, दांडाही पुसा, तेल लावू नका. बिट कोलेटमध्ये तळाला टेकेपर्यंत घालून आवळलं तर नट घट्ट होताना बिटला आत ओढायला जागा राहत नाही आणि पकड अर्धवट बसते, म्हणून पूर्ण घालून मग २-३ मिमी बाहेर काढायचं आणि आवळायचं. कोलेट आतून घासून घंटेसारखा पसरट झाला असेल तर साफ करून उपयोग नाही, नवीन घ्या. तो खर्च टाळू नका, पूर्ण वेगात फिरणारं बिट कोलेटमधून सुटलं तर काय होईल याचा विचार केला तरी पुरे. आणि ६ मिमीच्या दांड्याऐवजी ८ मिमीचा घेता येत असेल तर तो घ्या, पकडही चांगली आणि थरथरही कमी.

प्रश्न: बाजूच्या फळीवर शेपट्यांच्या मधे, खांद्याशी, लाकडाच्या ढलप्या उडतात. नवीन बिट घेतलं तरी तेच.

उत्तर: पहिला हात हलका आणि उलट्या दिशेने मारा. राउटर उजवीकडून डावीकडे, उभ्या फळीच्या समोरच्या अंगावर फक्त दीड-दोन मिमी आत, नुसती रेघ ओढल्यासारखा. खांद्याशी लाकडाचे तंतू तिथेच स्वच्छ कापले जातात. मग नेहमीसारखं डावीकडून उजवीकडे, एकेका बोटाच्या आत-बाहेर. उलट्या दिशेने जाताना राउटर पुढे पळायला बघतो, तेव्हा दोन्ही हातांनी धरा आणि काप खरंच हलका ठेवा. फळीच्या शेवटच्या कडेला ढलपी उडत असेल तर तिथे त्याच जाडीचा टाकाऊ तुकडा लावून क्लॅम्प करा.

प्लायवूडला हे सगळं करूनही पातळ थर थोडा उचकटतोच. तिथे खांद्याच्या रेषेवर आधी धारदार कटरने खोल रेघ मारा आणि सांधा थोडा सैलसर ठेवा.

प्रश्न: एकाच सांध्यात दोन शेपट्या घट्ट, बाकी सैल. दरवेळी वेगळ्याच.

उत्तर: दरवेळी वेगळ्या म्हणजे जिग नाही, हात. बहुतेक बुश राउटरच्या मध्यावर बसलेला नाही आणि तुम्ही कापताना राउटर हातात फिरवताय. बुश पाव मिमी जरी बाजूला असला तरी राउटर एकाच दिशेला धरून चालवला तर सगळे काप सारखेच सरकतात आणि सांध्याला काही होत नाही, पण मधेच हँडल फिरलं की तो पाव मिमी दुसऱ्या बाजूला जातो. हँडलवर टेपचा तुकडा लावा आणि तो कायम तुमच्याकडे तोंड करून ठेवा. सेंटरिंगचा शंकू असेल तर बुश मध्यावर आणून घ्या. शिवाय प्रत्येक बोटाच्या फटीत राउटर तळापर्यंत आणि दोन्ही भिंतींना टेकवून नेताय ना ते बघा, सगळं कापून झाल्यावर फळ्या काढायच्या आधी एकदा सगळ्या फटींमधून परत फिरवून या. फळ्या एकदा सुटल्या की त्याच जागी परत बसत नाहीत.

प्रश्न: चारही सांधे उत्तम, पण ड्रॉवर जोडला तर फळ्यांची चांगली बाजू आत गेली!

उत्तर: जिगमध्ये ड्रॉवरचं आतलं अंग बाहेर असतं, म्हणजे उभ्या फळीचं आतलं अंग तुमच्याकडे आणि आडवीचं वर. हे डोक्यात उलटं पडतं आणि सगळ्यांचं एकदा तरी चुकतं. फळ्या कापायच्या आधी चारही आतल्या अंगांवर मोठ्या अक्षरात ‘आत’ लिहा, खालच्या कडेला बाण काढा, आणि कोपऱ्यांना १ ते ४ आकडे द्या. ड्रॉवरचे दोन कोपरे जिगच्या डाव्या टोकाला कापले जातात आणि दोन उजव्या, कुठला कुठे ते जिगवरच पेन्सिलने लिहून ठेवा. ड्रॉवरची खालची कडच नेहमी स्टॉपला लावली की वर काही फरक राहिला तरी तो चारही कोपऱ्यांना सारखा येतो.

प्रश्न: वरच्या कडेला अर्धी खाच आणि खालच्या कडेला अगदी पातळ पापुद्रा उरतो, तो लगेच तुटतो.

उत्तर: ड्रॉवरची उंची घरांच्या पटीत घ्या. २२.२ मिमीच्या जिगला ८९, १११, १३३, १५६ मिमी अशा उंचीला दोन्ही कडा सारख्या येतात. उंची आधीच ठरलेली असेल आणि बदलता येत नसेल तर फळी जास्त रुंद ठेवून कापा आणि जोडायच्या आधी वरची कड रंधून उंचीला आणा, पापुद्रा त्यातच निघून जाईल.

प्रश्न: काप संपल्यावर राउटर उचलला आणि टेम्प्लेटचं एक बोट कापलं गेलं. आता टेम्प्लेट बदलावं लागेल का?

उत्तर: माझ्याही टेम्प्लेटच्या तिसऱ्या बोटाला असाच चंद्रकोरीसारखा खळगा आहे, त्यामुळे तुम्हाला काय वाटलं असेल ते कळतं. डव्हटेलचं बिट खाली रुंद असतं, ते सरळ वर निघूच शकत नाही, वाटेतलं टेम्प्लेट, बुश आणि लाकूड कापूनच वर येतं. काप झाला की राउटर टेम्प्लेटवर सपाट ठेवूनच स्वतःकडे ओढून पूर्ण बाहेर काढायचा, स्विच बंद करायचा, बिट पूर्ण थांबेपर्यंत तसाच धरायचा आणि मग उचलायचा.

टेम्प्लेटचं म्हणाल तर बुश ज्या कडेला घासून चालतो ती कड बघा. खळगा बोटाच्या वरच्या किंवा खालच्या अंगाला असेल आणि कड शाबूत असेल तर कानशीने कंगोरे घासून तेच वापरा. कड कापली गेली असेल तर बुश तिथे आत जाईल आणि त्या जागची शेपटी दरवेळी बारीक येईल. अरुंद ड्रॉवरला ते बोट वगळून जिगच्या दुसऱ्या टोकाला काम भागवता येतं, रुंद ड्रॉवरला मात्र नवीन टेम्प्लेट घ्यावं लागेल. एपॉक्सी भरून कड परत घडवायचा प्रयत्न मी केला होता, दोन ड्रॉवर झाल्यावर बुशने तो भाग घासून काढला.